सात नंबरची घंटा

आमच्या पोर्ट मॅकलसच्या माजी सैनिक क्लबात रोज संध्याकाळी सहाला दिवे मंद होतात. बिअरचे नळ बंद होतात, हातातले पत्ते उपडे पडतात, आणि झाडून सगळे उठून पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. भिंतीवर गावातून लढाईवर गेलेल्या आणि परत न आलेल्यांची नावं आहेत. मग बारमागच्या कपाटातून आमच्या अध्यक्षांचा, म्हणजे हेडली क्रॉथर्सचा, ध्वनिमुद्रित आवाज ठरलेले शब्द म्हणतो, बिगुल वाजतो, थोडा वेळ शांतता, आणि दिवे पुन्हा लागतात. हेडली स्वतः तेव्हा पहिल्या रांगेत मान खाली घालून उभा असतो. आपलाच आवाज इतक्या आदराने ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. तो आवाज त्याने घरच्या न्हाणीघरात ध्वनिमुद्रित केला होता, तिथे चांगला घुमतो म्हणून.

त्या वेळात कुणी हलत नाही. एका वर्षी छताची फळी निसटून एक पोसम, झाडावर राहणारं मांजराएवढं जनावर, बिलियर्डच्या टेबलावर पडला होता. तोही दिवे लागेपर्यंत जागचा हलला नाही, आणि त्याबद्दल पुढे त्याचं बरंच कौतुक झालं.

कपाटातलं यंत्र व्हर्न ट्रेव्हॉरोचं. म्हणजे मालकी क्लबाची, पण किल्ली व्हर्नकडे. व्हर्नने जन्मभर गावच्या शाळेत गणित शिकवलं. निम्म्या गावाला त्याने नापास केलेलं असल्यामुळे क्लबात त्याला मान होता, माया नव्हती. निवृत्त झाल्यावर त्याला कुणी काही विचारेनासं झालं. भर चौकात उभा राहिला तरी कुणी उत्तर पडताळून घ्यायला येत नसे. मग शाळेने टाकून दिलेला एक कॉम्प्युटर त्याने क्लबात आणला, मासिकाबरोबर फुकट आलेल्या चकतीवरून यूनिक्सच्या भाऊबंदांपैकी एक प्रणाली त्यात भरली, आणि भंगारातून मिळालेलं फूटपट्टीएवढं लांब साउंड कार्ड त्यात बसवलं. तेव्हापासून सहाचा आवाज, शुक्रवारच्या, मटण बक्षीस असलेल्या सोडतीचे आकडे आणि जेवणाच्या ऑर्डरी, सगळं त्या एका खोक्यातून चालू लागलं. कुणाचं काही अडलं की लोक म्हणत, "व्हर्नला विचारा." ते ऐकून तो कंबरेची किल्ली चाचपायचा.

त्या प्रणालीचं चिन्ह म्हणजे हातात काटा आणि पायात बूट असलेला एक लाल सैतान. चकतीवर तो हसत उभा आहे. हेडलीला तो पहिल्या दिवसापासून खटकत होता.

"शहिदांच्या भिंतीजवळ सैतान ठेवायचा म्हणजे..." तो म्हणाला होता.

"चांगला सैतान आहे," व्हर्न म्हणाला. "पगार घेत नाही."

कार्ड बसवताना मी तिथे होतो. माझ्याकडे टॉर्च धरायचं काम होतं. त्या कार्डावर पिनांच्या जोड्या होत्या आणि त्यावर शर्टाच्या बटणापेक्षा बारीक काळ्या टोप्या. व्हर्न चिमट्याने एक टोपी उचलून दुसऱ्या जोडीवर बसवत होता, आणि सवयीप्रमाणे शिकवतही होता.

"हे बघ डग, या खोक्यात प्रत्येक कार्डाला एक घंटा असते. हातचं काम संपलं की कार्ड घंटा वाजवतं, मग साहेब धावत येतो आणि पुढचं काम देतो. घंटांना नंबर असतात. हे कार्ड म्हातारं आहे, ह्याला पाच नाहीतर सात, दोनच चालतात. पाचवर नेटवर्कचं कार्ड बसलंय. सातवर स्वयंपाकघरातला प्रिंटर."

"मग?"

"मग काय, ह्या दोघांना एकच घंटा. सात."

"आणि दोघांनी एकदम वाजवली तर?"

"तर साहेब चुकीच्या दारात जाईल. आवाजाला पुढचा घास मिळणार नाही, तो तोंडातलाच चघळत बसेल. पण एकदम वाजणार कशी, सांग बरं. आवाज लागतो कधी? सहाला. आणि प्रिंटर चालतो कधी? स्वयंपाकघरातल्या नॉरीनने काउंटरवर जेवणाची ऑर्डर ठोकली की. आता सहाच्या त्या मिनिटाला ह्या इमारतीत जेवण कोण मागवतो?"

मी विचार केला. कुणी नाही.

"कुणी नाही," व्हर्न म्हणाला. "आयतं कुलूप आहे हे, डग. आपल्या रिवाजानेच लावलेलं. असली व्यवस्था कुठल्या पुस्तकात मिळायची नाही."

मग त्याने प्रणालीच्या गाभ्याच्या फाइलीत कार्डाची ओळ लिहिली, घंटा सात म्हणून, आणि गाभा नव्याने बांधायला घातला. त्या यंत्रावर गाभा बांधणं म्हणजे मंद आचेवर मेंढीची तंगडी शिजवण्यासारखं असतं. आम्ही दोन वेळा चहा प्यायलो, एकदा बिअर. शेवटी पडद्यावर ओळी धावल्या, त्यात एक होती की कार्ड सापडलं, अमुक पत्त्यावर, घंटा सात. व्हर्नने ती मला मोठ्याने वाचून दाखवली. बारशाला आलेल्या माणसाने बाळाचं नाव ऐकावं तसं मी ऐकलं.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग मार्चमधल्या एका गुरुवारी, सहाला, हेडलीचा आवाज पहिल्याच ओळीत अडकला. एक तुकडा घेऊन तो बेंबटत राहिला, आ-आ-आ-आ, काटेरी तारेत अडकलेल्या बोकडासारखा, आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात पुढे निघाला. कुणी हललं नाही. पण अंधारात सगळ्या खांद्यांना कळ आल्यासारखं झालं ते मी पाहिलं. पहिल्या रांगेत हेडलीची मान लाल झाली. मंद दिव्यातही ती दिसत होती.

दिवे लागल्यावर तो सरळ व्हर्नकडे आला.

"व्हर्न, मी बोकड आहे का?"

"नाही अध्यक्ष."

"मग मला बोकड कुणी केलं?"

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्या गुरुवारी आवाज दोनदा अडकला. आणि मग क्लबात संशयाची साथ आली.

हेडलीचा संशय बोलिंग क्लबावर होता. त्यांच्या खेळाच्या हिरवळीचं पाणी तोडायच्या ठरावावर त्याने सही केली होती, आणि गुरुवार हा त्यांच्या सरावाचा वार. रस्त्यापलीकडून ते काहीतरी सोडतात, असं त्याचं मत. काय सोडतात ते त्याने सांगितलं नाही, पण त्या बाजूची खिडकी बंद ठेवायचा हुकूम निघाला.

आमचा खजिनदार रेक्स पेंगेली. त्याचा जावई शेजारच्या गावात कॉम्प्युटर विकतो, त्यामुळे रेक्सचा संशय फुकट मिळणाऱ्या सगळ्याच वस्तूंवर होता. "सर," तो व्हर्नला म्हणाला, कारण व्हर्नने नापास केलेल्यांत तोही होता आणि अजून तो 'सर' असं म्हणायचा की ते शिवीसारखं वाजायचं, "सर, तुम्हीच शिकवलंत ना, शून्याला कशानेही गुणा, शून्यच येतं? मग फुकटच्या यंत्रातून दुसरं काय येणार?"

"तुला तेवढं एक आठवतं याचा आनंद आहे, रेक्स," व्हर्न म्हणाला.

व्हर्नचा संशय अर्थातच रेक्सवर होता.

त्याने कपाटाच्या दाराच्या फटीवर थुंकी लावून एक केस चिकटवायचं ठरवलं. कुणी दार उघडलं तर केस तुटेल. त्याच्या डोक्यावर केस नव्हता. माझ्याही नव्हता. शेवटी नॉरीनकडे मागावा लागला.

नॉरीन आमचं स्वयंपाकघर चालवते. ती सगळ्यांना 'राजा' म्हणते आणि कुणालाही स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही.

"केस कशाला हवा, राजा?"

"संशय आहे," व्हर्न म्हणाला.

"मग दोन घे," नॉरीन म्हणाली.

गुरुवारी आवाज अडकला. केस जागच्या जागी. व्हर्नने भिंग लावून तो बराच वेळ पाहिला आणि मला हळूच म्हणाला, "डग, हा तोच केस आहे कशावरून?"

शेवटी प्रकरण समितीपुढे आलं. मी समितीवर आहे, कारण निवडणुकीच्या दिवशी मी गैरहजर होतो. हेडलीने टेबलावर बोट आपटत सांगितलं की पंचवीस एप्रिल तोंडावर आहे. त्या दिवशी पहाटे सगळा जिल्हा आमच्या आवारात लढाईत गेलेल्यांसाठी उभा राहतो, आणि हेच यंत्र भोंग्यांना जोडतात. त्या पहाटे आवाज बेंबटला तर पोर्ट मॅकलसला पुढची पन्नास वर्षं कुणी तोंड दाखवू देणार नाही.

रेक्सने जावयाचं दरपत्रक पुढे सरकवलं.

ठरलं असं. स्मृतिदिनाच्या आधीच्या सोमवारी समिती पुन्हा बसेल. तोवर व्हर्नने बिघाड शोधून, काय होता ते समितीला पटेल असं सांगायचं. नाहीतर यंत्र बाहेर, जावयाचं आत, आणि किल्ली टेबलावर.

व्हर्नचा हात कंबरेकडे गेला आणि तिथेच राहिला.

त्यानंतर तो रोज सकाळी दहाला क्लबात यायचा. रिकाम्या हॉलमध्ये हेडलीचा आवाज पुन्हापुन्हा वाजवायचा. झाडलोट करणारी बाई पहिल्या दिवशी प्रत्येक वेळी झाडू ठेवून उभी राहिली, दुसऱ्या दिवशी तिने नोकरी सोडायची धमकी दिली. आवाज एकदाही अडकला नाही. व्हर्नने आवाजाच्या मिक्सरचे कानेकोपरे तपासले, कार्ड काढून त्याचे पितळी दात खोडरबराने घासले, स्पीकरची वायर बदलली, गाभा पुन्हा बांधला. सकाळी यंत्र शाळेतल्या हुशार मुलीसारखं वागायचं. गुरुवारी संध्याकाळी त्याच्या अंगात यायचं.

"गुरुवारीच का?" मी विचारलं.

"मार्चपासून नॉरीनने गुरुवारी कोंबडीचं तळलेलं श्निट्झेल सुरू केलं. गर्दी होते. दोन्ही तळण्या चालू, वीज खाली येते."

मग त्याने कपाटाला वेगळी वीज घेतली. गुरुवारी आवाज अडकला.

"एक विचारू का, व्हर्न? ती सात नंबरची भानगड तर नसेल? प्रिंटरची?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला चाळीस वर्षांपूर्वीचा फळा आठवला.

"डग, त्यासाठी सहाला कुणीतरी जेवण मागवायला हवं."

"हो, ते खरं."

"तुला कळतंय ना तू काय म्हणतोयस ते? भिंतीसमोर सगळे उभे आहेत आणि कुणीतरी चटणीसकट..."

"नाही नाही," मी म्हणालो. "मी आपलं सहज."

माणसं काय करतील याबद्दल व्हर्नला भरवसा नव्हता. रेक्स तार कापेल, हेडली सैतानावर पवित्र पाणी शिंपडेल, बोलिंग क्लब काहीतरी सोडेल, हे सगळं त्याला शक्य वाटत होतं. त्या एका मिनिटावर मात्र त्याचा पायथागोरसपेक्षा जास्त विश्वास होता. आणि खरं सांगायचं तर माझाही होता.

दक्षिण गोलार्धातला आमचा हिवाळा जवळ आला, एप्रिलात हवा गार झाली, तशी मी माझी खुर्ची हीटरजवळ नेली. हीटर स्वयंपाकघराच्या खिडकीलगत आहे. पुढच्या गुरुवारी सहाला आम्ही उठून भिंतीकडे तोंड केलं, दिवे मंद झाले, हेडलीचा आवाज सुरू झाला आणि बेंबटायला लागला. त्याच क्षणी माझ्या बऱ्या कानामागे, खिडकीतून, चर्र-चर्र-चर्र असं ऐकू आलं. प्रिंटर. तो थांबला तसा हेडली तारेतून सुटला आणि पुढे निघाला.

ते मी व्हर्नला बाहेर, गाड्यांपाशी, सांगितलं.

"तुला कमी ऐकू येतं," तो म्हणाला.

"डाव्या कानाने. हा उजवा होता."

तो किल्ली बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "ऐकलेलं चालणार नाही. कुणीतरी पाहायला पाहिजे."

पाहायचं म्हणजे काय ते दोघांनाही कळलं होतं. स्वयंपाकघरात नॉरीन पाऊल टाकू देत नाही. काउंटर हॉलच्या मागच्या टोकाला. आणि त्या मिनिटाला अख्खा क्लब भिंतीकडे पाहत असतो. म्हणजे ज्याला काही करायचं असेल त्याच्याइतका निर्धास्त चोर जगात नाही. त्याला पकडायचं तर एकाने पाठ फिरवली पाहिजे.

"तू वळ," व्हर्न म्हणाला.

"मी? यंत्र तुझं."

"मी वळलो आणि कुणी पाहिलं तर किल्ली त्याच संध्याकाळी जाईल. तू वळलास तर म्हणतील डगची मान आखडली."

"माझ्या मामाचं नाव आहे भिंतीवर."

"मामाला मी समजावतो," व्हर्न म्हणाला.

त्याच्या पुढचा गुरुवार हा सोमवारच्या बैठकीआधीचा शेवटचा. मी हीटरजवळ उभा राहिलो. दिवे मंद झाले. हेडली बेंबटला, चर्र सुरू झाली, आणि मी मामाची मनातल्या मनात माफी मागून मान वळवली.

काउंटरमागे नॉरीन उभी होती. ताठ. टाचा जुळलेल्या, मान खाली, डावा हात ॲप्रनच्या शिवणीला. ऑर्डर टाकायच्या पडद्याच्या हिरव्या उजेडात तिचा चेहरा देवळातल्यासारखा गंभीर दिसत होता. फक्त उजव्या हाताचं एक बोट बटणावरून उठत होतं.

मी मान पुढे घेतली. बिगुल वाजला. माझ्या शेजारच्या माणसाने माझ्याकडे तिरप्या डोळ्याने पाहिलं, म्हणजे तोही भिंतीकडे पाहत नव्हता. पण ते जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नॉरीन मागच्या दाराशी वाटाणे सोलत होती. मी तिथे जाऊन उभा राहिलो. विषय कसा काढावा कळेना, म्हणून म्हणालो, "वाटाणे चांगले आहेत."

"काल वळला होतास," नॉरीन म्हणाली.

"मान आखडली होती."

"असेल, राजा."

थोडे वाटाणे झाले.

"कुणाची ऑर्डर होती, नॉरीन?"

"अध्यक्षांची. चॉप्स."

मी जवळच्या खोक्यावर बसलो.

"दर गुरुवारी?"

"श्निट्झेल सुरू झाल्यापासून. त्यांनीच सांगितलंय ना. अरे, दिवे लागले की तुम्ही सगळे गुरांसारखे काउंटरवर येता. त्यांची ऑर्डर तुमच्यानंतर गेली की अकरा श्निट्झेलांच्या मागे. सहाच्या आधी टाकली, तर ते तिथे उभे असताना चॉप्स इथे गार. म्हणून बरोबर सहाला. ते येऊन बसतात, ताट येतं. हिशेब आहे त्याचा."

"आणि तुला काही वाटत नाही? त्या वेळात?"

नॉरीनने शेंग खाली ठेवली. तिला ते लागलं होतं.

"मी नीट उभी असते, राजा. बोट तेवढं हलतं."

हे सगळं मी व्हर्नच्या घरी जाऊन सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसत बसला. त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं. पण त्याचा चेहरा, पायथागोरस खोटा निघाल्याची तार आल्यासारखा झाला.

"हेडली," तो म्हणाला. "पहिल्या रांगेत."

"आता काय करतोस?"

"करायचं काय, सोपं आहे. नेटवर्कचं कार्ड दहावर ढकलायचं, पाच मोकळा करायचा, टोपी सातवरून पाचवर. फाइलीत एक ओळ. मग सगळ्या क्लबाने सहाला चॉप्स मागवले तरी आवाज सरळ."

"मग कर की."

"आणि सोमवारी काय सांगू? बिघाड काय होता? घंटा चुकीची लावली होती. कुणी लावली होती? मी. रेक्स म्हणेल, सर, तुम्ही नापास. आणि तो बरोबर असेल."

"मग खरं सांग. हेडलीचे चॉप्स."

"हेडली म्हणेल, मी असं कधी सांगितलंच नाही. मग कुणी ठोकली ऑर्डर? नॉरीनने. स्वयंपाकघर तिच्या हातून जाणार, आणि तुला गुरुवारी श्निट्झेल कोण देणार? हेडली?"

हे मला पटलं. विशेषतः शेवटचं.

सोमवारी समिती बसली. हेडली मध्ये, त्याच्या उजवीकडे रेक्स दरपत्रकासह, डावीकडे आमचा सेक्रेटरी अल्बी, ज्याच्या दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं आहेत. व्हर्न उभा राहिला. वर्गात उभा राहायचा तसा, एक हात खुर्चीच्या पाठीवर.

"बोला सर," रेक्स म्हणाला. "सापडला बिघाड?"

"यंत्रात बिघाड नाही," व्हर्न म्हणाला.

"म्हणजे आवाज आम्हालाच तसा ऐकू येतो."

"आवाज अडकतो. पण कधी अडकतो ते मला आता कळलंय." तो थांबला. फळ्यावर शेवटची ओळ लिहायच्या आधी थांबायचा तसाच. "त्या मिनिटाला हॉलमध्ये कुणी उभं राहायचं सोडून दुसरंच काही करत असेल, तर अडकतो."

खोलीत कुणी खुर्ची हलवेना. मला तेव्हा वाटलं, तसं पाहिलं तर व्हर्न एक अक्षरही खोटं बोललेला नाही.

रेक्स हसायला लागला. "म्हणजे काय, डोळे आहेत होय त्याला?"

"कार्ड आहे. जुनं आहे, पण तेवढं कळतं त्याला."

"दुसरंच म्हणजे कशा प्रकारचं?" अल्बीने विचारलं, आणि त्याचा हात कानातल्या यंत्राच्या बटणाकडे गेला. हेडलीचा आवाज सुरू व्हायच्या आधी तो हात दररोज ते बंद करायला तिथे जातो, हे मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

"प्रकार मी अजून पाहिलेला नाही," व्हर्न म्हणाला. "पाहता येईल. कोण, कुठल्या टेबलावर, सगळं निघेल. समितीने ठराव केला तर उद्याच काढतो."

रेक्स हसायचा थांबला. गुरुवारी रात्रीच्या घोड्यांवरच्या पैजेची चिठ्ठी तो खिशात ठेवतो. ती अंधारात भरता येते, भिंतीकडे तोंड करूनही, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. त्या वेळी त्याने फक्त कोटाचा खिसा वरून दाबला आणि दरपत्रक थोडं स्वतःकडे ओढलं.

हेडली व्हर्नकडे पाहत होता. मान पुन्हा लाल होत चालली होती.

"आणि हे," तो म्हणाला, "हे काम, म्हणजे ते दुसरं काम, थांबलं तर?"

"तर आवाज सरळ येईल, अध्यक्ष. पंचवीसच्या पहाटेसुद्धा."

"खात्रीने?"

"तुमच्याइतकी खात्री कुणाला असणार?" व्हर्न म्हणाला.

हेडलीने घसा साफ केला. न्हाणीघराशिवाय त्याचा आवाज तसा बारीकच आहे.

"माझं मत असं," तो म्हणाला, "की सभासदांच्या खाजगी गोष्टींत डोकावणं या क्लबाच्या परंपरेत बसत नाही. तेव्हा काढायचं काही नाही. यंत्र आहे तसं राहू द्या. उलट शिस्तीला ते चांगलंच आहे."

"अनुमोदन," अल्बी म्हणाला, प्रश्न नीट ऐकायच्या आधीच.

"रेक्स?"

"दरपत्रक तसं घाईत केलेलं होतं," रेक्स म्हणाला.

ठराव एकमताने पास झाला. क्लबाच्या इतिहासात एकमताने पास झालेला हा दुसरा ठराव. पहिला पोसमच्या अभिनंदनाचा होता.

पंचवीसच्या पहाटे सगळा जिल्हा आमच्या आवारात दवात उभा राहिला आणि हेडलीचा आवाज भोंग्यांतून सरळ, एकसारखा, घुमत गेला. असा सन्नाटा मी पूर्वी पाहिलेला नाही. लहान मुलंसुद्धा खोकली नाहीत. यंत्राला सगळं कळतं ही बातमी तोवर बाहेर फुटली होती. बोलिंग क्लबाचे लोक तर हात कोटाच्या खिशांबाहेर काढून, दिसतील असे धरून उभे होते.

गुरुवारी सहाचे शब्दही स्वच्छ झाले. दिवे लागले, आम्ही गुरांसारखे काउंटरवर गेलो, आणि अध्यक्ष आपल्या टेबलावर हात बांधून बसून राहिले. त्यांचे चॉप्स अकरा श्निट्झेलांनंतर आले. नॉरीनने ताट ठेवताना म्हटलं, "गरम आहे, राजा, जपून."

त्याच आठवड्यात एका सकाळी मी क्लबात गेलो तर व्हर्न कपाटाचं दार उघडून आत फडकं मारत होता. पडद्यावर ओळी धावून थांबल्या होत्या. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण एवढं शिकलोय की आकडा कुठे असतो. तिथे सात नव्हता, पाच होता.

"हे कधी केलंस?"

"शुक्रवारी. तू घरी येऊन सांगून गेलास ना, त्याच दुपारी."

"म्हणजे सोमवारी बैठकीत तू बोलत होतास तेव्हा..."

"तेव्हा त्याला काहीही कळत नव्हतं," व्हर्न म्हणाला. "माझी चूक होती, दुरुस्त केली. चुकीचं उत्तर तसंच वहीत ठेवून मला झोप येत नाही."

"मग आता सहाला कुणी ऑर्डर ठोकली तर?"

"छापून येईल. आवाज सरळ जाईल. कुणाला पत्ता लागायचा नाही."

मी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. व्हर्न मला वर्षानुवर्षं ओळखतो आणि मी त्याला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. निम्मं गाव त्याच चेहऱ्यासमोर नापास झालेलं आहे. पडद्यावर पाच दिसतो, पण कार्डावरची टोपी खोक्याच्या आत आहे, खोकं कपाटात आणि कपाटाची किल्ली त्याच्या कंबरेला.

"खरंच बदललंस?"

"विश्वास नसेल तर गुरुवारी सहाला चॉप्स मागव," व्हर्न म्हणाला, आणि दाराला कुलूप लावलं.

त्याला आता बरेच गुरुवार होऊन गेले. मी अजून मागवलेले नाहीत. आणि सहाला मी उभा असतो तेव्हा मला माझ्या आजूबाजूच्या प्रत्येकाचा श्वास ऐकू येतो, इतके सगळे स्तब्ध असतात. मामाचं नाव वाचायचं म्हणून मी भिंतीकडे पाहतो. शेजारचाही भिंतीकडेच पाहत असावा. खात्री करायला मान वळवावी लागेल.